पिशवी, जांघ, नस : अवयवांच्या नावांची सूची लावताना

३ जून

आजपासून ही वही सुरू. आमच्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड खोलीतले जुने केसपेपर अवयवानुसार शोधता आले पाहिजेत, एवढंच काम. दवाखाना बेळगावात, त्यामुळे तक्रारीची ओळ त्या दिवशी खिडकीवर जो बसला त्याच्या भाषेत. मराठी, कन्नड, इंग्रजी, मधूनच हिंदी. पेशंट खानापूर, हुक्केरी, निपाणीकडचे, तसेच घाट उतरून-चढून चंदगड, गडहिंग्लजहूनही येतात, आणि प्रत्येक जण आपल्या गावचा शब्द घेऊन येतो.

निमित्त झालं ते सांगते. सर्जन डॉक्टरांनी पित्ताशयातल्या खड्यांचे जुने कागद मागितले होते. मी संगणकात ‘पिशवी’ आणि ‘खडा’ घालून शोधलं, गठ्ठा बांधला, नेऊन दिला. त्यातले बरेच लघवीच्या पिशवीतल्या खड्यांचे निघाले. आणि जे हवे होते त्यांतले कित्येक आलेच नव्हते, कारण ते ‘गॉल ब्लॅडर’, ‘जीबी’, ‘पित्ताशय’ अशा नावांखाली पडून होते. डॉक्टर रागावले नाहीत. गठ्ठा तसाच परत पाठवला. मला ते फार लागलं.

६ जून

मदतीला तीन माणसं मिळाली. शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, टिळकवाडीत राहतात, आठवड्यातून दोनदा येतो म्हणाले. महिला वॉर्डच्या सिस्टर, ज्यांना सगळा दवाखाना अक्का म्हणतो. माहेर बैलहोंगलचं, सासर शहापूरचं, दोन्ही भाषा तोंडात सारख्याच खेळतात. आणि शेजारच्या आयुर्वेद ओपीडीतल्या वैद्यबाई.

सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की हा गोंधळ आपल्यापुरता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात सुमारे पाच हजार रचनांसाठी पन्नास हजारांच्या घरात नावं वापरात होती. प्रत्येक देशाची वेगळी, प्रत्येक गुरूची वेगळी. १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं शरीररचनेच्या अभ्यासकांनी ती छाटून एका रचनेला एक लॅटिन नाव अशी यादी केली. १९५५ मध्ये पॅरिसला ती पुन्हा तपासली गेली आणि माणसांच्या नावांवरून पडलेली नावं अधिकृत यादीतून काढली. पुढं १९९८ साली ‘टर्मिनोलोजिया ॲनाटोमिका’ आली, तिची दुसरी आवृत्ती २०१९ ची. म्हणजे फॅलोपिअसची नळी ‘ट्यूबा युटेरिना’ झाली, म्हणजे गर्भाशयाची नळी, अकिलीसचा कंडरा ‘टेंडो कॅल्केनियस’, म्हणजे टाचेच्या हाडाचा कंडरा. नाव वाचलं की जागा कळते.

आमच्या तक्त्याचा पहिला रकाना लॅटिनचा ठेवायचा असं ठरलं. कारण मी इथं स्पष्ट लिहून ठेवते. आपल्या भागात कुठल्याही फलकावर आधी कन्नड की आधी मराठी यावरून माणसं दुखावतात. लॅटिन आमच्यापैकी कुणाचीच नाही. तिच्यासमोर दोन्ही भाषा एका ओळीत, बरोबरीनं बसतील. अक्कांना हे पटलं, मलाही.

११ जून

आज दिवसभर फक्त ‘पिशवी’.

बाईमाणूस नुसतं ‘पिशवी’ म्हणते तेव्हा बहुतेक वेळा गर्भाशय. ‘पिशवी काढल्या बघा दोन वर्सामागं.’ पण ‘पित्ताची पिशवी’ म्हणजे पित्ताशय, ‘लघवीची पिशवी’ म्हणजे मूत्राशय. बाळंतपणाच्या कागदावर ‘पिशवी फुटली’ म्हणजे गर्भाभोवतीचं पाण्याचं आवरण. पुरुषांच्या कागदावर ‘पिशवीला सूज’ म्हणजे वृषणकोश. एकच शब्द, पाच ठिकाणं. लिहिणारा घाईत असला की आधीचं ‘पित्ताची’ गळून पडतं आणि मागं राहते ती नुसती पिशवी.

अक्का म्हणाल्या, कन्नडमध्येही ‘गर्भचील’ म्हणतात आणि चील म्हणजे पिशवीच. दोन भाषांनी एकाच आकारावरून नाव ठेवलं. फरक इतकाच की त्या शब्दात ‘गर्भ’ आधीच शिवलेला आहे, तो सहज सुटत नाही.

१४ जून

आज माझ्या हातून मोठी चूक झाली.

महिला वॉर्डच्या कागदांचा तक्ता वेगळा आहे असं समजून मी ‘पिशवी’ शोधून सगळीकडं ‘गर्भाशय’ असं बदलून टाकलं, फाइल जतन केली आणि बंद केली. संध्याकाळी उघडली तर समोर ‘पित्ताची गर्भाशय’. खाली ‘लघवीची गर्भाशय’. आणि जिथं आधी नुसतं ‘पिशवी’ होतं तिथं आता नुसतं ‘गर्भाशय’, खरं असो वा नसो. चुकीच्या ओळी निदान डोळ्यांना दिसतात. ज्या बरोबर दिसतायत त्यांतली खरी कुठली हे आता तक्ता सांगू शकत नाही. पेशंटचा शब्द मी पुसला.

कपाटातून मूळ कागद काढून एकेक ओळ परत भरायला घेतली.

१७ जून

कागदांवरून भरणं संपलं. आता तक्त्यात ‘पेशंटचा शब्द’ असा रकाना आहे आणि त्याला कुलूप आहे. त्यात भर घालता येते, बदल करता येत नाही. प्रमाण नाव शेजारच्या रकान्यात.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ‘मेश’ सूची याच तत्त्वावर चालते. आज त्यांच्यासोबत बसून ती पाहिली. या ग्रंथालयाची छापील वैद्यक सूची १८७९ पासूनची, आणि मेश ही विषयनावांची यादी १९६० ची. दर वर्षी ती सुधारतात. शरीररचनेसाठी त्यात ‘ए’ हा विभाग आहे, त्याच्या एकवीस शाखा. पहिली शाखा शरीराच्या निरनिराळ्या भागांची, दुसरी हाडं-स्नायूंची, तिसरी पचनसंस्थेची, अशा पुढं.

मला भावलं ते वेगळंच. मेश एक नाव मुख्य ठरवते, पण बाकीची नावं टाकून देत नाही. ती ‘प्रवेश-नावं’ म्हणून मुख्य नावाखाली नोंदलेली असतात. तुम्ही कुठल्याही नावानं दार वाजवा, घर तेच उघडतं. शिवाय मेशचं मुख्य नाव शरीररचनेच्या अधिकृत यादीतलं असेलच असं नाही. पॅरिसनं काढलेली फॅलोपिअसची नळी मेशमध्ये आजही मुख्य नाव आहे, अकिलीसचा कंडराही. कारण ती सूची शोधणाऱ्यासाठी आहे, आणि शोधणारा ज्या नावानं शोधतो ते वर ठेवणं तिला परवडतं. एक यादी नाव कसं असावं हे ठरवते, दुसरी कागद कसा सापडावा हे. दोन्ही कामं एकच समजले म्हणून मी १४ तारखेला ते करून बसले.

आणखी एक: एकच नाव दोन-तीन फांद्यांवर बसू शकतं. ग्रसनी, म्हणजे आपला घसा, पचनसंस्थेतही आहे आणि श्वसनसंस्थेतही. आमच्या तक्त्यात एकाच ठिकाणी कोंबायचा हट्ट मी सोडला.

२७ जून

‘जांघ’. हा शब्द मला झोपू देणार नाही.

एक जुना कागद. पेशंट कडोलीकडचे शेतकरी, तक्रार: ‘जांघेत गाठ, जड उचलल्यावर वाढते.’ मराठी माणसाला वाचताक्षणी कळतं, मांडी आणि ओटीपोट जिथं जुळतात ती जागा. हर्निया असणार. पण कागद संगणकात भरणाऱ्या तेव्हाच्या मुलाची भाषा हिंदी होती आणि हिंदीत जांघ म्हणजे मांडी. त्यानं प्रामाणिकपणे ‘थाय’ लिहिलं. मांडीची गाठ म्हणून तो कागद इतकी वर्षं भलत्याच फायलीत पडून.

वैद्यबाईंना दाखवला तर त्यांनी तिसरीच जागा सांगितली. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, मांडीला ऊरु. त्यांच्या ओपीडीच्या कागदावर ‘जंघा’ असेल तर पोटरी-नडगीकडं बघायचं.

म्हणजे एकच शब्द घोट्यापासून निघाला, हिंदीत मांडीवर चढला आणि मराठीत थेट जांघेत जाऊन बसला. तीन वाचक, तिघंही आपापल्या भाषेत बरोबर, आणि पेशंटची गाठ एकच. कन्नडमध्ये मात्र हा घोळ नाही: मांडी ‘तोडे’, जांघ ‘तोडेसंदु’, म्हणजे मांडीचा सांधा-कोपरा. शब्दच जागा दाखवतो. लॅटिनच्या शेजारी सगळ्यात स्वच्छ नाव इथं कन्नडचं आहे, मी तसं तक्त्यात लिहिलं.

आजवर मी अनोळखी शब्दांना घाबरत होते. अनोळखी शब्द आला की माणूस थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी कुणी थांबत नाही.

४ जुलै

खानापूरच्या बाजूला शिबिर होतं, मीही गेले. भात लावणीचे दिवस. बायका शेतातून तशाच आल्या होत्या, पदर कमरेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. तक्रारी दोनच: कंबर आणि चिखल्या. ‘कंबरंत उसण भरल्या’ म्हणत एका आजींनी हात मागं नेला आणि अंगठा टेकवला तो कमरेच्या बराच खाली, माकडहाडाच्या वर जरा उजवीकडं. दुसऱ्या बाईंची ‘कंबर’ बाजूला, खुब्यावर होती. दोघींच्या कागदावर शब्द एकच जाणार होता.

‘हात दुखतो’ म्हणणाऱ्या एका काकूंना विचारलं, कुठं? त्यांनी दंड धरला. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. कन्नडचं ‘कै’ही तसंच. दंडाला ‘तोळु’ आहे, पण सहज बोलताना कै. पायाचं तेच, पाद वेगळा असूनही सगळा ‘कालु’. मेशमध्ये ‘आर्म’ म्हणजे खांदा ते कोपर एवढंच, आणि ‘लेग’ म्हणजे गुडघा ते घोटा एवढंच. ‘हात’ समोर दिसला म्हणून ‘आर्म’ लिहिलं तर मनगट दुखणारा माणूस दंडाच्या फायलीत जातो.

रुग्णनोंदींसाठीची ‘स्नोमेड सीटी’ प्रणाली यावर नीट विचार करते. भारत २०१४ मध्ये तिचा सदस्य झाला, देशातलं केंद्र पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. तिच्यात ‘अख्खा अवयव’ आणि ‘अवयव किंवा त्याचा कुठलाही भाग’ या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. आमचा ‘हात’ बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातला.

बोटांचंही ठरवून टाकलं. आकडा लिहायचा नाही. ‘दुसरं बोट’ कुणी अंगठ्यापासून मोजतं, कुणी अंगठा सोडून. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, असं नावानंच लिहायचं.

९ जुलै

त्या आजींचा अंगठा डोळ्यांसमोरून जात नव्हता. शब्दाआधी बोट बघायला हवं. म्हणून रबरी शिक्का करून घेतला: दोन छोट्या मानवाकृती, एक समोरून, एक पाठीमागून. केसपेपरवर उमटवायचा, पेशंट बोट ठेवेल तिथं पेनानं फुली मारायची, शेजारी त्याचा शब्द जसाच्या तसा.

शिक्का आला आणि पहिल्याच उमट्यात चूक दिसली. समोरच्या आकृतीत मी ‘डा’ माझ्या डाव्या हाताला लिहून दिला होता. तो माणूस माझ्याकडं तोंड करून उभा आहे, त्याचा डावा माझ्या उजवीकडं. शरीररचनेत डावं-उजवं नेहमी त्या शरीराचं, बघणाऱ्याचं नव्हे. चित्र पुन्हा काढलं. नव्या शिक्क्यावर मराठीत डा आणि उ, कन्नडमध्ये एड आणि बल यांची अक्षरं.

सरांनी अजून एक सावधगिरी सांगितली. ‘मनगटाच्या आतल्या बाजूला’ म्हणताना पेशंटला तळहाताकडची बाजू म्हणायची असते. शरीररचनेत माणूस उभा, तळवे पुढं. ‘आतली’ म्हणजे मध्यरेषेकडची, करंगळीकडची. तेव्हा तक्त्यात आत-बाहेर नाही. तळहाताकडची, मागची, अंगठ्याकडची, करंगळीकडची.

१२ जुलै

दुपारभर वीज नव्हती. हातानं लिहीत बसले, पोटाच्या ओळी संपवल्या. पोट आणि कन्नडचं होट्टे दोन्ही मोघम. जठर फक्त डॉक्टरच्या हातचं असेल तरच जठर.

१८ जुलै

आज वैद्यबाई, सर आणि अक्का तिघं एकदम बसले, आणि आजवरची सगळ्यात चांगली बैठक झाली. विषय: स्नायू, पेशी, नस.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ३०० हाडं, ५०० पेशी, ९०० स्नायू, ७०० सिरा सांगितल्या आहेत. वैद्यबाई म्हणाल्या, यातली पेशी म्हणजे आजचा मसल, आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोरखंडासारखे धागे, लिगामेंट-टेंडनच्या जातीचे. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे मसल आणि पेशी म्हणजे सेल. कन्नडमध्येही स्नायू मसलच, पण सेल ‘जीवकोश’. हिंदीत मसल ‘मांसपेशी’, सेल ‘कोशिका’, आणि जुन्या हिंदी लिखाणात स्नायु म्हणजे चक्क नर्व्ह. आयुर्वेदाच्या कागदावर ‘पेशी’ वाचून मी ‘सेल’ लिहिलं असतं, आणि कुणाला शंकाही आली नसती.

मग नस. ‘नसेत इंजेक्शन दिलं’ इथं शीर. ‘मानेची नस दबली’ इथं चेतातंतू. ‘पोटरीची नस चढली’ इथं ना शीर ना चेतातंतू, स्नायूचा वांब. कन्नडमधला ‘नर’ तसाच, चेतातंतूलाही आणि बोलताना शिरेलाही. अक्कांनी देवनागरीत लिहून दिलेल्या यादीतलं ‘नर’ मी आधी वेगळ्याच अर्थानं वाचलं होतं.

मराठीत नर्व्हला चेतातंतू की मज्जातंतू यावर सर आणि मी अडलो. महाराष्ट्राच्या शाळेतली पुस्तकं चेतासंस्था म्हणतात. जुने डॉक्टर मज्जातंतू म्हणतात. पण अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज. तिथंही मज्जा, इथंही मज्जा. मी चेतातंतू मुख्य ठेवला, मज्जातंतू प्रवेश-नाव. पॅरिसच्या नियमांतलं एक सूत्र सरांनी इथं लावलं: शेजारी असणाऱ्या गोष्टींना जुळती नावं. मांडीची धमनी, मांडीची शीर, मांडीचा चेतातंतू. तिन्ही एकाच घरातल्या वाटतात, पाठ करावी लागत नाहीत.

२४ जुलै

इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की भागतं, असं मला वाटायचं. आज ते गेलं.

कागदावर ‘इलियम’. लहान आतड्याचा शेवटचा भागही इलियम आणि कमरेच्या हाडाचा वरचा पसरट भागही इलियम. इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे, आपल्या लिपीत तोही उरत नाही. टीबी दोन्हीकडं होऊ शकतो, तेव्हा पुढचा शब्दही सोडवत नाही. इथं मराठी नावच कामाचं: आतड्याला शेषांत्र, हाडाला सरळ ‘कमरेचं हाड, वरचा भाग’.

दुसरी जोडी ‘पेरोनियल’ आणि ‘पेरिनियल’. पहिला शब्द नडगीच्या बाहेरच्या बाजूचा, दुसरा गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामधल्या जागेचा. भिंगाखाली धरलं तरी त्या अक्षरात मात्रा आहे की वेलांटी हे ठरेना. शाई पावसाच्या ओलीनं पसरलेली. शेवटी औषधावरून कळलं. सर म्हणाले, ही गल्लत जगभर होते, म्हणून शरीररचनेच्या यादीनं ‘पेरोनियल’ऐवजी ‘फिब्युलर’कडं कल दिला. माझ्या तक्त्यात आता फिब्युलरच मुख्य.

३० जुलै

‘गळ्यात गाठ’ : मानेवर, की घशात? कन्नडची नोंद असेल तर प्रश्नच नाही, ‘कुत्तिगे’ म्हणजे मान, ‘गंटलु’ म्हणजे घसा. मराठी कागद उघडावा लागतो.

‘काळजात कळ’ : काळीज बोलण्यात हृदय, मटणाच्या दुकानात यकृत. फुली बघायची.

६ ऑगस्ट

सर्जन डॉक्टरांसाठी पित्ताशयाचे कागद आज पुन्हा काढले. पित्ताशय, पित्ताची पिशवी, जीबी, गॉल ब्लॅडर, सगळी दारं एका घरात उघडतात आता. ‘नुसती पिशवी’ असलेले कागद वेगळ्या गठ्ठ्यात, वर चिठ्ठी: उघडून पाहणे. डॉक्टरांनी तिथंच उभं राहून चाळले. एक कागद मागं ठेवला, तो मूत्राशयाचा होता, चिठ्ठीच्या गठ्ठ्यातला. बाकीचे घेऊन गेले. कडोलीच्या शेतकऱ्याचा कागदही आता हर्नियाच्या फायलीत आहे.

आठवड्यानं निपाणीच्या शिबिराला शिक्का घेऊन जायचं आहे. विड्या वळणाऱ्या बायका ‘उरात भरल्यासारखं’ म्हणतात असं अक्कांनी आधीच सांगून ठेवलंय.

एक ओळ उघडी ठेवली आहे. तक्रार: ‘बेंबी सरकल्या.’ सर म्हणाले, शरीररचनेत असं काही सरकत नाही. वैद्यबाई म्हणाल्या, पेशंट तर रोज येतात. फुली बेंबीच्या दोन बोटं खाली आहे. प्रमाण नावाच्या रकान्यात फक्त फुलीची जागा लिहिली. निदानाचा रकाना रिकामा. पेशंटच्या शब्दाला कुलूप.